चौथ्या खांबातलं पाणी

माझ्या सासऱ्यांना सगळे टकटकमास्तर म्हणतात. बागेतली घसरगुंडी असो, गच्चीवरची टाकी असो की मैदानावरचे गोलपोस्ट, लोखंडाचं काम हातात आलं की आधी खिशातली लहान हातोडी काढायची आणि टकटक करत त्याला एक प्रदक्षिणा घालायची, ही त्यांची पद्धत. ब्रशला हात त्यानंतर. लोक हसायचे. ते म्हणायचे, "डॉक्टर नाही का छातीवर बोटं वाजवून बघत? त्याला कुणी हसत नाही."

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, गंज काढायचा आणि रंग मारायचा, यात शिकण्यासारखं काय असणार. वर्षभरात दोन गोष्टी कळल्या. एक, गंज दिसतो तेवढाच कधी नसतो. दुसरी, मला हे काम आवडतं. नवऱ्याचा प्रश्नच नव्हता. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला की त्याला घाम फुटतो. बाबांनी एकदा त्याला हट्टाने चौथ्या पायरीपर्यंत चढवलं, तर तो खाली उतरून तडक एका ऑफिसात जाऊन खुर्चीवर बसला, तो अजून उठलेला नाही. मग बाबा आणि मी, अशी आमची जोडी जमली. चौदा वर्षं झाली त्याला.

हे काम आलं त्या वर्षी बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. साखर वाढलेली, म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. शिडी चढायला मी त्यांना सक्त मनाई केली होती. त्यामुळे मी वर आणि ते खाली, गोणपाटाची घडी करून त्यावर बसलेले.

काम पोहण्याच्या तलावावरचं होतं. उघड्यावरचा मोठा तलाव, त्याच्या खोल टोकाला उड्या मारायचा मनोरा. चार गोल पोकळ खांब, त्यांना आडवे-तिरपे गज, आणि पाच, साडेसात आणि दहा मीटरवर असे तीन फलाट. पोहण्याचा हंगाम सुरू व्हायला बारा दिवस होते. तलाव रिकामा करून ठेवलेला. मॅनेजर भला माणूस होता, पण त्याचा फोन एक मिनिट गप्प बसत नव्हता. कुणाच्या तरी मुलाचा प्रवेश, कुणाची तरी वेळ बदलून हवी. एका कानाला फोन लावून तो मला म्हणाला, "ताई, गंज दिसेल तिथे घासा आणि चकाचक रंग मारा. बारा दिवसांत झालं पाहिजे. तेराव्या दिवशी मला लोक खातील."

पहिल्या दिवशी मी सगळ्यात वरच्या फलाटावर गेले. उंचीची मला भीती नाही. टाक्यांवर, खांबांवर जन्म गेला. पण तिथून खाली पाहिलं आणि कठडा धरला. पाणी असतं तेव्हा डोळा पाण्यावर अडतो. आता अडायला काहीच नव्हतं. दहा मीटर खाली तलावाचा काठ आणि त्याच्याही खाली आणखी पाच मीटर निळ्या फरश्यांचा खड्डा. तळाशी कुणाचा तरी पोहण्याचा चष्मा पडला होता, तो डाळिंबाच्या दाण्याएवढा दिसत होता. इथून माणसं उडी मारतात, मनात आलं. आपण होऊन. रांग लावून.

"काय गं, वर काय दिसतंय?" खालून बाबांनी विचारलं.

"कठड्याला पोपडे आलेत. फलाटाच्या कडेला गंज आहे, पण वरवरचा. सांध्यांपाशी जरा जास्त."

"बोल्टांची भोकं बघ."

"बघते," मी म्हणाले आणि तारेचा ब्रश हातात घेतला. पोपडे बघण्याच्या नादात भोकं बघायची राहून गेली.

चार दिवस मी वरचं काम केलं. सुटलेला रंग पत्रीने खरवडायचा, मग तारेच्या ब्रशाने घासायचं, लोखंड लखलखेपर्यंत. जिथे गंज खोल गेलाय आणि ब्रश पोचत नाही तिथे औषध लावायचं. दुधासारखं पांढरं असतं ते. लावलं की तांबूस डाग आधी जांभळा होतो, मग शाईसारखा काळा. काळा झाला की समजायचं, तिथला गंज थांबला. चौदा वर्षांत मी हे हजार वेळा पाहिलंय, तरी रंग बदलताना हात थांबतो आणि बघत राहावंसं वाटतं.

पाचव्या दिवशी सकाळी मी खालचं काम घ्यायला आले तर बाबा चौथ्या खांबापाशी उभे होते. हा खांब भिंतीकडच्या बाजूला, दिवसभर सावलीत. चौघांत दिसायला हाच सगळ्यात चांगला. ना पोपडा, ना डाग. गुळगुळीत निळा. मी त्याला नुसता पॉलिश पेपर मारून वर एक हात द्यायचं ठरवलं होतं.

बाबा टकटक करत होते, थांबत होते, पुन्हा टकटक करत होते. मग त्यांनी कान खांबाला टेकवला.

"सूनबाई, यात पाणी आहे."

मी काहीच बोलले नाही. बोलले नाही याचं कारण आधी सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी एका शाळेतल्या झोपाळ्याचा खांब वाजवून बाबा म्हणाले होते, हा आतून पोकळ झालाय. त्यांच्या शब्दावर मी हेडबाईंना पटवलं, खांबाच्या बुडाशी फरशी फोडली, कापून पाहिलं. खांब ठणठणीत होता. कापलेला खांब आम्हाला जोडून द्यावा लागला आणि हेडबाईंनी पुढचं काम दुसऱ्याला दिलं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून कामाच्या आधी वाजवणं त्यांनी सोडलं होतं; मध्येच कधी वाजवलं तरी निकाल सांगायचे नाहीत. मीही विचारत नव्हते. वयाबरोबर डोळे जातात तसे कानही जात असतील, असं मी मनाशी धरलं होतं.

"बाबा, यावर साधा डागसुद्धा नाही," मी शेवटी म्हणाले.

"मला डाग दिसत नाहीत, सूनबाई. मला ऐकू येतं."

"नक्की?"

"नक्की कसं म्हणू? झोपाळ्याच्या वेळीही मला नक्कीच वाटलं होतं." ते खाली बसले. "तू ऐक. मग तू ठरव."

त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी खांबावर वर वाजवलं, खाली वाजवलं. मला तर सारखंच वाटलं. बाबा म्हणाले, "हातोडी घट्ट धरू नकोस, नुसती पडू दे. आणि डोळे मीट. उघडे असले की तेच ऐकतात."

मी डोळे मिटले. आधी नुसती टकटक. बाहेर रस्त्यावर रिक्षा, मॅनेजरच्या खोलीत फोन. मग हळूहळू बाकीचे आवाज बाजूला झाले. छातीच्या उंचीवर हातोडी पडली की आवाज निघून थोडा वेळ रेंगाळायचा, खांबातून वर वर चढत जायचा. तिथून मी खाली येत गेले. ठण्, ठण्, ठण्. आणि मग एका ठिकाणी, मांडीच्या जरा वर, आवाज पडल्या जागीच बसला. थप्. रेंगाळणं नाही की चढणं नाही. मी पुन्हा वर गेले. ठण्. खाली, थप्.

 चौदा वर्षं मी हा आवाज रोज ऐकत होते आणि कधीच ऐकला नव्हता.

"आलं?" बाबांनी विचारलं.

"आलं. पण मला तुम्ही सांगितलंत म्हणून येत असेल."

ते हसले. "शहाणी आहेस. खडू आण."

खडू घेऊन ते खांबाभोवती गुडघ्यांवर सरकत गेले. टकटक करायचं, थांबायचं, जिथे आवाज बदलतो तिथे एक फुली मारायची. त्यांना फुली दिसत नव्हती. मला माहीत होतं, कारण दोनदा त्यांनी आधीच्याच फुलीवर बोट ठेवून ती पुसली. सगळ्या बाजूंनी मिळून नऊ फुल्या झाल्या.

मी टेप घेऊन जमिनीपासून उंची मोजली. पहिली फुली अठ्ठावीस इंच. दुसरी साडेअठ्ठावीस. मग पावणेएकोणतीस, एकोणतीस. पलीकडे पुन्हा कमी होत होत अठ्ठावीस. माझं मन खट्टू झालं. वरखाली होत्या. म्हणजे अंदाजानेच मारलेल्या.

मग पायाशी पाहिलं. तलावाकाठची फरशी एका बाजूला उतरती होती, पाणी नाल्याकडे वाहावं म्हणून. मी पिशवीतून पारदर्शक नळी काढली. त्यात पाणी भरून दोन टोकांच्या पाण्याची पातळी जुळवायची, गवंडी करतात तसं. एक टोक पहिल्या फुलीला धरलं आणि दुसरं टोक खांबाभोवती फिरवत नेलं. दुसऱ्या फुलीपाशी पाणी फुलीवर. तिसरीपाशी फुलीवर. चौथी, पाचवी, सगळ्या. नऊच्या नऊ फुल्या एका पातळीत होत्या. उतरती होती ती जमीन.

ज्या माणसाला स्वतःच्या ताटातली भाजी ओळखायला वास घ्यावा लागत होता, त्याने नुसत्या कानाने लोखंडाच्या आतल्या पाण्याची रेघ बाहेर काढून दाखवली होती. मी नळी हातात धरून तशीच बसून राहिले. 

"किती चुकलंय?" बाबांनी विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. 

मॅनेजरला सांगितलं तर त्याने आधी फोनवरच्या माणसाला थांबायला लावलं, मग खांबाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "ताई, गेल्या वर्षी इंजिनियर येऊन बघून गेलेत. सगळं ठीक म्हणून लिहून दिलंय. हा तर सगळ्यात चांगला खांब आहे. यावर हातोडा नका घालू."

"खाली मांडीएवढ्या उंचीपर्यंत पाणी आहे आत."

"कुणी पाहिलं?"

"यांनी ऐकलं," मी बाबांकडे बोट दाखवलं. बोलल्याबरोबर कळलं की हे किती विचित्र वाटतंय.

मॅनेजरने हात जोडले. "माझी विनंती आहे. जे दिसतंय तेवढं रंगवा." आणि तो फोनकडे परत गेला.

बाबा गोणपाटावर बसले होते.  हातोडी अजून माझ्याच हातात होती. झोपाळा आठवला, हेडबाईंचा चेहरा आठवला. मग ती पाण्याची रेघ आठवली. मी रंग उडवायचा मोठा हातोडा घेतला आणि फुल्यांच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक घाव घातला. फार जोराचा नाही. आपण पोपडा उडवताना घालतो तेवढाच.

हातोडा आत गेला.

लोखंडावर हातोडा मारला की तो उलटा उसळतो, हाताला झिणझिण्या येतात. इथे काहीच आलं नाही. तो चिखलात गेल्यासारखा मुठीपर्यंत आत गेला. मी तो ओढून काढला आणि त्याच्यामागून पाणी आलं. गडद तांबडं, वास मारणारं, जोराची धार. ते काठावरून वाहत गेलं आणि रिकाम्या तलावात पडायला लागलं. निळ्या फरश्यांवर तांबडा पट्टा उमटला आणि खाली खाली जात राहिला. मॅनेजर धावत आला आणि आमच्यापासून चार पावलांवर थांबला.  पाणी कितीतरी वेळ वाहत होतं.

उड्या मारायला शिकवणाऱ्या कोचबाईही आवाजाने बाहेर आल्या. चाळिशीच्या, ताठ चालीच्या, रुंद खांद्यांच्या. पाणी थांबल्यावर त्यांनीच पुढे होऊन भोकात दोन बोटं घातली आणि कडेचा एक तुकडा मोडून काढला. सहज मोडला. आम्ही तो तळहातावर घेऊन पाहिला. बाहेरून निळा, त्याखाली हिरवा, मग पिवळा, पांढरा, पुन्हा निळा. रंगांचे थर मी नखाने मोजले, अकरा भरले. त्यांच्या आत लोखंड होतं ते पोस्टकार्डाएवढं जाड. काही जागी तेही नव्हतं.

"म्हणजे हा खांब कशावर उभा होता?" मॅनेजरने विचारलं.

"रंगावर," बाबा म्हणाले. "आणि बाकीच्या तिघांवर."

मी मान वर केली. दहा मीटर उंच, तीन फलाट, एवढे गज. चार दिवस मी वरच्या टोकाला उभी राहून घासत होते. आणि त्याच्या आधी किती हंगाम, किती मुलं रांगेने त्या शिड्या चढली होती, फलाटाच्या टोकाला टाचा उचलून उभी राहिली होती, आणि हे सगळं कोसळलं नव्हतं. ते का कोसळलं नाही हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच आठवतं की त्या मनोऱ्याकडे पाहताना भीती फार नंतर वाटली. आधी नुसतं थक्क व्हायला झालं.

कोचबाई खाली बसल्या. "गेल्या हंगामापर्यंत माझी अठरा मुलं एकदम वर असायची," त्या म्हणाल्या. 

बाबा तोवर खांबाच्या बुडाशी चाचपडत होते. नखाने काहीतरी खरवडत होते. मी वाकून पाहिलं. अगदी तळाला, जमिनीपासून दोन बोटांवर, रंगाखाली लांबीचा, पुट्टीचा म्हणा, एक गोल ठिपका होता. कुणीतरी एक भोक लांबी भरून बुजवलेलं.

"हे कशाचं?" मॅनेजरने विचारलं.

"पोकळ खांबाला खाली भोक ठेवतात. आत पाणी गेलंच तर निघून जावं म्हणून." बाबांनी हात पुसले. "हे मी बुजवलंय."

"बाबा," मी हळूच म्हणाले. कुणालाही कळलं नसतं. अकरा थरांपैकी कुठला कुणाचा, हे कोण विचारणार होतं?

त्यांनी मला हातानेच थांबवलं. "एकोणीस वर्षं झाली. तेव्हा हे काम मी केलं होतं. या भोकातून थेंब थेंब येऊन नव्या रंगावर तांबडा ओघळ यायचा. दिसायला वाईट दिसायचं. मी लांबी भरली आणि वर रंग मारला. नीटनेटकं दिसावं म्हणून. लोकांनी वाहवाही केली होती." ते थांबले. "चारही बुजवली असणार. अर्धवट काम मी करत नाही."

मॅनेजरने हातातला फोन खिशात टाकला. मला वाटलं, आता हा आम्हाला हाकलून देणार.  कोचबाईंनीच विचारलं, "बाकीच्या तिघांचं काय?"

आम्ही चारही बुडांची लांबी उकरून काढली. तीन खांबांतून चिमूट चिमूट कोरडी पूड पडली, बस. ते कोरडे होते. मग पाणी एकाच खांबात कुठून आलं? मी पुन्हा वर चढले. भिंतीकडच्या कोपऱ्यात, चौथ्या खांबाच्या टोकाला, पूर्वी कधीतरी एक दिवा होता. दिवा काढताना बोल्ट काढला होता आणि भोक उघडंच ठेवलं होतं. करंगळी जाईल एवढं. इतकी वर्षं पावसाचं पाणी तिथून आत शिरलं आणि खाली कोंडून बसलं. चार दिवस मी त्याच्यापासून हातभर अंतरावर घासत होते. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भोकं बघ. खाली आल्यावर हेही मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यांनी सांगितल्यावर मी कशी गप्प राहणार?

हंगाम पुढे गेला. मॅनेजरला लोकांनी खाल्लं नाही. मनोऱ्याला कुलूप लागलं आणि भोवती दोरी बांधली गेली. नव्या इंजिनियरबाई आल्या, त्यांनी खांबाला टेकू लावून घेतले. वेल्डरने चौथ्या खांबाचा खालचा सडका भाग कापून काढला आणि नवा पाइप जोडला. मॅनेजरने बाबांकडून सगळी हकीकत लिहून घेतली, म्हणजे बाबांनी सांगितली आणि मी लिहिली. त्यावर त्यांनी सही केली, ती ओळीच्या बाहेर गेली. ते कागद वर पाठवताना मॅनेजरने खाली स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही, पण रंगाचं काम आमच्याकडेच राहिलं.

बाबा मात्र घरी बसले. दुसऱ्या दिवशी नाही आले, तिसऱ्या दिवशीही नाही. नवरा म्हणाला, "राहू दे त्यांना. दमलेत." मला ते दमणं वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन त्यांच्या खोलीत गेले. ते खिडकीशी बसले होते.

"उद्या वेल्डर जोड पूर्ण करणार आहे," मी म्हणाले. "मग औषध आणि रेडऑक्साईडचं अस्तर. तुम्ही यायला हवं."

"मी येऊन काय करू? तुला ऐकू येतं आता."

"एकदा आलं. एकदा आलं म्हणजे शिकले असं होतं का?"

त्यांनी कप हातात घेतला. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं, सूनबाई. मी त्या रस्त्याने जाताना मान वर करून बघायचो. आपलं काम म्हणून. आणि ते आतून…" त्यांनी कप खाली ठेवला. "लोक मास्तर म्हणतात."

 तुमची चूक नाही, असं म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं, आणि त्यांना ते लगेच ऐकू आलं असतं. म्हणून मी जे खरं होतं तेच म्हणाले. "बाबा, भोक बुजवणारे पुष्कळ असतील. मी स्वतः चार ठिकाणी बुजवली असतील, मला काय माहीत. ते मीच बुजवलं म्हणून सांगणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुम्हाला बसायचं तर बसा. पण उद्या ती चार भोकं नव्याने पाडायची आहेत, आणि ती दुसऱ्या कुणी पाडलेली मला चालणार नाहीत."

त्यांनी कप उचलला. चहा प्यायले. सकाळी मी बाहेर पडले तेव्हा ते गोणपाट बगलेत घेऊन फाटकाशी उभे होते.

भोकं त्यांनीच पाडली. ड्रिल मी धरलं, जागा त्यांच्या बोटाने ठरवली. आधीपेक्षा मोठी, अंगठा जाईल अशी, म्हणजे पुढे कुणाला बुजवायचा मोह झाला तरी लांबी टिकणार नाही. वरचं दिव्याचं भोक मी बोल्ट आणि रबरी चकती घालून बंद केलं. पण त्याआधी एक काम करायचं होतं. मी तिथे बसून त्या भोकातून तांब्याभर पाणी आत ओतलं. क्षणभर काहीच नाही. मग खांबाच्या पोटातून ते पाणी उतरत जाण्याचा आवाज आला, वरून खाली, लांब लांब जाणारा. बाबा खाली भोकापाशी हात धरून बसले होते.

"आलं," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "आलं सगळं."

नंतरचे नऊ दिवस आम्ही तो मनोरा रंगवला. आधी लखलखेपर्यंत घासला. सांध्यांना औषध लावलं, ते पांढऱ्याचं जांभळं आणि जांभळ्याचं काळं झालं. त्यावर रेडऑक्साईडचे दोन हात, तेव्हा सगळा मनोरा विटेसारखा दिसायला लागला, आणि येणारेजाणारे विचारायचे, हाच रंग ठेवणार का. मग निळ्याचे दोन. खालच्या चार भोकांभोवती बाबांनी पांढऱ्या रंगाची गोल कडी काढायला लावली. मी म्हणाले, ओघळ पडून डाग दिसेल. ते म्हणाले, "दिसू दे."

तलाव भरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कठड्याला एका ठिकाणी उरलेला हात देत होते, खालच्या फलाटाशी. बाबा काठावर बसले होते. कोचबाई आल्या, पोहण्याच्या कपड्यांत, केस बांधलेले. मुलं काठावर रांगेत उभी होती. कुणालाही वर पाठवण्याआधी मी जाणार, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या माझ्या शेजारून शिडी चढल्या. पायऱ्यांना त्यांचा ओला पाय लागला की मला माझ्या हाताखालच्या गजात ते कळत होतं. पाच मीटर, साडेसात, दहा.

वर गेल्यावर त्या फलाटाच्या टोकाला उलट्या वळल्या. पाठ पाण्याकडे, टाचा हवेत, नुसते चवडे कडेवर. मी ती कड चार वेळा रंगवली होती. तिचा प्रत्येक इंच मला पाठ होता. आता त्या इंचावर एक माणूस उभं होतं आणि हलत नव्हतं. मनोरा हलत नव्हता. तलावाभोवती इतकी शांतता होती की मुलंही खोकत नव्हती.

मग त्यांचे हात वर गेले आणि त्या कडेवरून सुटल्या.

मी पुष्कळ लोकांना पडताना पाहिलंय, या धंद्यात पाहावं लागतं. हे पडणं नव्हतं. त्या हवेत मिटल्या, फिरल्या, उघडल्या, आणि एवढ्याशा वेळात हे सगळं इतकं सावकाश झालं की मला त्यांच्या पायाची बोटं ताणलेली दिसली. पाण्यात शिरल्या तेव्हा पाणी जेमतेम हललं. मग काही वेळ नुसता निळा तलाव आणि त्यात खोलवर एक उजळ आकार, वर येणारा.

त्या वर आल्या, काठाला हात लावला आणि मुलांना म्हणाल्या, "चला. एकेक करून."

पहिली मुलगी शिडी चढायला लागली. तिच्यामागे दुसरी. मी किती वेळ तशी उभी होते मला माहीत नाही. बाबांनी खालून हाक मारली, "सूनबाई, तेवढा कठडा राहिलाय ना?"

"राहिलाय," मी म्हणाले आणि ब्रश डब्यात बुडवायला गेले. तो माझ्या हातातच वाळून लाकडासारखा कडक झाला होता.